मालवणातला पावसाळी इंग्रजी क्लास: भांडायची आणि पटवायची क्रियापदं (रिव्ह्यू)

पहिलंच सांगते, हा 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी'वाला क्लास नाहीये. ज्यांना गुड मॉर्निंगपासून सुरुवात करायचीय त्यांनी इथे पैसे घालवू नका. मालवणात बाजारपेठेच्या मागच्या अंगाला एका जुन्या घराच्या माडीवर एक रिटायर्ड सर पावसाळ्यात ही बॅच घेतात आणि विषय एवढाच की इंग्रजीत वाद कसा घालायचा, समोरच्याला पटवायचं कसं, आणि मग झालेलं भांडण तिसऱ्या माणसाला नीट सांगायचं कसं. म्हणजे आर्ग्यू, पर्स्वेड, कन्व्हिन्स, इन्सिस्ट, सजेस्ट, डिमांड, डिनाय ही सगळी मंडळी. टेन्स, आर्टिकल, स्पेलिंग ह्यातलं काही मिळणार नाही.

वेळ त्यांनी मस्त निवडलीय. जूनला पाऊस लागला की स्कूबा, पॅरासेलिंग सगळं बंद, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही बंद, होमस्टेवाले खोल्यांना लागलेली बुरशी पुसत बसलेले, आंबेवाल्यांचं पेट्यांचं काम संपलेलं, त्यामुळे वर्गात आले ते सगळे धंदेवालेच. दांडीवरचा स्कूबाचा पोरगा, आचऱ्याचे एक आंबेवाले काका, कट्ट्याची नर्सिंग झालेली मुलगी जिला बाहेर जायचंय, रिक्षावाला एक, आणि आम्ही दोघी-तिघी होमस्टेवाल्या. गंमत अशी की ह्या सगळ्यांना 'हाऊ आर यू, वेलकम टू मालवण' एवढं येतच असतं. अडतं कुठे, तर पाहुणा म्हणतो एसी चालत नव्हता अर्धे पैसे परत द्या, किंवा आंब्याची पेटी मुंबईत उघडल्यावर म्हणतो चार फळं डागी निघाली, तिथे. गोव्यातला मोपा विमानतळ 2023 मध्ये चालू झाल्यापासून आमच्याकडे मराठी-हिंदी दोन्ही न येणारे पाहुणे जास्त यायला लागलेत, असं मला तरी वाटतं, आणि मग मोबाईलवर ट्रान्सलेट करून भांडण होत नाही हो, मजाच जाते.

पहिल्या तासाला सरांनी फळ्यावर वाक्य लिहिलं, 'वुई पर्स्वेडेड द टूरिस्ट्स नॉट टू स्विम, बट दे वेंट इन.' विचारलं, ह्यात काय बिघडलंय? कुणी म्हणे नॉट पुढे पाहिजे, कुणी म्हणे डू पाहिजे. सर म्हणाले व्याकरण ठीकच आहे, वाक्य स्वतःशीच खोटं बोलतंय. 'पर्स्वेड' म्हटलं की काम फत्ते झालेलं असतं. पर्यटकांना पर्स्वेड केलं म्हणजे ते पाण्यात गेले नाहीत, मग पुढे 'बट दे वेंट इन' कुठून आलं? आपण मराठीत 'खूप समजावलं पण ऐकलं नाही' म्हणतो ते चालतं कारण समजावणं म्हणजे नुसता प्रयत्न, आणि म्हणून आपली माणसं इंग्रजीतही तसंच ठोकून देतात. स्कूबावाला पोरगा लगेच म्हणाला, "सर, आमी सांगान सांगान थकतो, तरी ते पाण्यात जातत. मगे पर्स्वेड म्हणूचाच नाय?" सर म्हणाले, "म्हणूचा रे, पण आधी 'ट्राइड टू' लाव."

मग त्यांनी ह्याच एका प्रसंगावर तास घेतला आणि तो मला सगळ्यात आवडला. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, पर्यटक उतरायला बघतायत, किनाऱ्यावरचा माणूस काय काय करू शकतो? 'वॉर्न्ड देम नॉट टू स्विम', 'अर्ज्ड देम टू कम आउट', 'अ‍ॅडव्हाइज्ड देम अगेन्स्ट इट', 'प्लीडेड विथ देम टू कम बॅक' ह्या सगळ्यांत पुढे काय झालं ते उघडंच राहतं, ते ऐकतील किंवा नाही ऐकणार. पण 'पर्स्वेडेड देम नॉट टू', 'टॉक्ड देम आउट ऑफ स्विमिंग', 'डिस्वेडेड देम फ्रॉम स्विमिंग' म्हटलं की ते काठावरच थांबले. सर म्हणाले उद्या काही अघटित झालं आणि तुम्हाला इंग्रजीत लिहून द्यायची वेळ आली तर हा फरक फार महागात पडेल. पर्स्वेड केलं असं लिहिलं तर वाचणारा विचारेल, मग माणूस पाण्यात गेला कसा? तुम्हाला म्हणायचं होतं की आम्ही बजावलं होतं. तेव्हा 'वॉर्न्ड' लिहा. वर्गात दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही, कारण किनाऱ्यावर राहणाऱ्याला ह्यात काय आहे ते वेगळं सांगावं लागत नाही.

आणि एक, 'डिस्वेड'च्या मागे 'टू' लावायचं नाही, 'फ्रॉम' आणि आयएनजी. 'टॉक समवन इंटू' आणि 'आउट ऑफ' ही जोडीसुद्धा तशीच, दोन्हीकडे आयएनजी. 'आर्ग्यू'लाही ही जोडी लागते बरं का, 'शी आर्ग्यूड हिम इंटू स्टेइंग', म्हणजे वाद घालघालून थांबवलंच. हे मला नवीन होतं.

सरांची मुख्य शिकवण अशी की क्रियापदाचा नुसता अर्थ पाठ करून उपयोग नाही, त्याच्या लगेच शेजारी कोण बसतं ते बघायचं. लग्नाच्या पंगतीत जसं काही जणांच्या शेजारी पाहुण्याला बसवावंच लागतं आणि काही जणांच्या शेजारी चुकूनही बसवायचं नसतं तसं. पर्स्वेड, कन्व्हिन्स, अ‍ॅडव्हाइज, अर्ज, वॉर्न ह्यांना शेजारी माणूस लागतो, 'अ‍ॅडव्हाइज्ड मी टू', 'अर्ज्ड देम टू'. आणि सजेस्ट, इन्सिस्ट, डिमांड, एक्सप्लेन, आर्ग्यू ह्यांना थेट शेजारी माणूस चालत नाही (वरचं 'आर्ग्यूड हिम इंटू' तेवढं सोडून), आणायचाच असेल तर मध्ये टू, विथ, फ्रॉम असं कुणीतरी बसवावं लागतं. आता आपल्याकडे सगळा घोळ इथेच. 'सजेस्ट मी गुड फिश थाळी' हे तर आख्ख्या भारताचं वाक्य आहे, आमच्या होमस्टेच्या मेसेजमध्ये रोज येतं. सर म्हणतात 'सजेस्ट अ गुड प्लेस टू अस' म्हणा, नाहीतर 'ही सजेस्टेड ईटिंग अ‍ॅट होम' म्हणा, नाहीतर 'ही सजेस्टेड दॅट वुई ईट अ‍ॅट होम' म्हणा, पण 'सजेस्टेड मी टू' नको. तसंच 'एक्सप्लेन मी' नको, 'एक्सप्लेन टू मी'. 'डिमांडेड फॉर रिफंड' नको, क्रियापद असेल तर नुसतं 'डिमांडेड अ रिफंड', आणि 'अ डिमांड फॉर अ रिफंड' म्हणायचं असेल तर ते नाम झालं, तिथे फॉर पाहिजेच. 'डिस्कस'चंही तेच, 'डिस्कस अबाउट' म्हणायचं नाही. हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं असं नाही, पण ह्या एका सूत्रात बांधून कुणी सांगितलं नव्हतं.

ह्यावर त्यांनी हॉर्नबी नावाच्या इंग्रज मास्तरांची गोष्ट सांगितली ती ऐकण्यासारखी आहे. हा माणूस जपानात इंग्रजी शिकवायचा आणि तिथल्या पोरांना नेमकं हेच अडायचं, शब्द येतात पण शब्दापुढे काय जोडायचं ते येत नाही. म्हणून त्याने नि त्याच्या सहकाऱ्यांनी अशी डिक्शनरी केली की प्रत्येक क्रियापदाला त्याचा साचा कोडनंबरने दिलेला. ती पहिल्यांदा 1942 ला टोकियोत निघाली, म्हणजे जपान-इंग्लंड एकमेकांशी लढत होते तेव्हा, आणि मग 1948 ला ऑक्सफर्डने काढली, आज शाळेच्या कपाटांत असते तीच ती. सरांकडे जुनी प्रत आहे, पानं पिवळी, वाळवीने एक कोपरा खाल्लाय. ते कोड आता कुणी लक्षात ठेवत नाही पण त्याचाच धाकटा भाऊ मोबाईलवरच्या फुकट डिक्शनऱ्यांत आहे. शब्दाखाली 'पर्स्वेड एसबी टू डू एसटीएच' असं लिहिलेलं असतं ना, ते एसबी म्हणजे समबडी आणि एसटीएच म्हणजे समथिंग. आपण ते न बघता नुसता मराठी अर्थ बघून पान बंद करतो. सर म्हणतात अर्थ नंतर बघा, आधी एसबी आहे की नाही ते बघा. फी तिथेच वसूल झाली माझी.

आता 'कन्व्हिन्स'वरून माझं आणि सरांचं जरा वाजलं. ते म्हणतात कन्व्हिन्स म्हणजे डोक्यात पटवणं, पर्स्वेड म्हणजे हातून काम करवून घेणं. म्हणून 'कन्व्हिन्स्ड हिम दॅट द रूम वॉज क्लीन', 'कन्व्हिन्स्ड हिम ऑफ इट' बरोबर, पण 'कन्व्हिन्स्ड हिम टू स्टे' चूक, तिथे पर्स्वेड पाहिजे. त्यांनी लॅटिनही काढलं, कन्व्हिन्समध्ये जिंकणं आहे, 'कन्व्हिक्ट' म्हणजे गुन्हा सिद्ध झालेला तोही त्याच घरातला. ऐकायला छान वाटतं. पण हा भेद जुना झालाय हो. 'कन्व्हिन्स टू' हे अमेरिकेत विसाव्या शतकातच रुळलं, तेव्हा जुने लोक नाकं मुरडत होते हे खरं, पण आज चांगल्या डिक्शनऱ्या ते सरळ देतात आणि पाहुण्यांच्या तोंडी मी तेच ऐकते. सरांनी माझ्या वहीत त्यावर लाल रेघ मारली, मी तिथेच म्हटलं सर डिक्शनरीत आहे बघा, तर म्हणाले "डिक्शनरी सगळ्यांना घरात घेते, मी नाही घेत." बरं. एवढं मात्र मान्य की फरक माहीत असलेला बरा, कारण 'आय अ‍ॅम कन्व्हिन्स्ड, बट आय अ‍ॅम नॉट गोइंग' हे वाक्य मस्त चालतं, पटलंय पण जाणार नाही. आमच्या सासूबाईंचं आख्खं आयुष्य ह्या वाक्यात बसतं.

'आर्ग्यू'चा तास मला वाटलं नुसता भांडणाचा असेल, तो वेगळाच निघाला. एकाच शब्दाची दोन कामं. 'आर्ग्यू विथ' माणसाशी आणि 'अबाउट' किंवा 'ओव्हर' कशावरून तरी, हे झालं आपलं नेहमीचं, बिलावरून, पार्किंगवरून. पण 'आर्ग्यू दॅट' म्हटलं की आवाज चढलेला नसतो, कुणीतरी कारणं देऊन एक बाजू मांडतंय. वकील 'आर्ग्यू'ज अ केस, त्याच्याशी कुणी भांडत नसतं. 'आर्ग्यू फॉर' बाजूने, 'आर्ग्यू अगेन्स्ट' विरुद्ध. आणि 'ही आर्ग्यूड मी' हे मात्र काहीच नाही, ते टाकून द्या. आंबेवाले काका म्हणाले आम्ही भावावरून आर्ग्यू करत नाही, आम्ही 'बार्गेन' करतो, तर सरांनी लगेच 'हॅगल ओव्हर द प्राइस' पण देऊन टाकलं. काका खूश.

'इन्सिस्ट' मात्र डोकं खातं. दोन वाक्यं बघा, 'शी इन्सिस्टेड दॅट ही पेड' आणि 'शी इन्सिस्टेड दॅट ही पे'. एका डीचा फरक. पहिल्यात ती ठासून सांगतेय की त्याने पैसे दिले, म्हणजे झालेली गोष्ट. दुसऱ्यात ती हट्ट धरून बसलीय की त्याने पैसे द्यावेत, अजून दिलेले नाहीत. होमस्टेवाल्याला ह्यातलं कुठलं वाक्य कुठे लिहायचं हे कळलंच पाहिजे, नाहीतर हिशेब उलटाच. दुसऱ्या वाक्यात 'ही' असूनही 'पेज' नाही, नुसतं 'पे', तो सबजंक्टिव्ह, म्हणजे 'असं व्हावं' ही मागणी दाखवणारं क्रियापदाचं मूळ रूप. डिमांड, सजेस्ट ह्यांच्या मागेही तो येतो. इथे सर जरा फार ताणतात, पूर्ण तास त्यांनी सबजंक्टिव्हवर घालवला आणि जेमतेम शेवटी सांगितलं की इंग्लंडमध्ये लोक 'शुड पे' म्हणून मोकळे होतात. तेच आधी सांगितलं असतं तर रिक्षावाला दादा त्या दिवशी मधूनच उठून गेला नसता. 'इन्सिस्ट ऑन पेइंग' हे सोप्पं रूप तर कुणालाही जमेल, त्यापासून सुरुवात करायला हवी होती.

वर्तमानपत्रावरचा भाग मला अपेक्षित नव्हता आणि तो ह्या क्लासचा मला वाटतं कणा आहे. 2023 च्या एप्रिलमध्ये राजापूरकडे बारसूला रिफायनरीच्या माती परीक्षणावरून आंदोलन झालं ते सगळ्यांना आठवतंच. सरांनी त्या विषयावर स्वतः छोटी छोटी इंग्रजी वाक्यं करून आणली होती, मुद्दा तोच, फक्त क्रियापद बदललेलं. गावकरी 'से' की आंबा जाईल, गावकरी 'क्लेम' की आंबा जाईल, 'आर्ग्यू' की जाईल, 'फिअर', 'पॉइंट आउट', 'अ‍ॅडमिट'. मग विचारलं, लिहिणारा कुणाच्या बाजूचा? आणि खरंच दिसतं हो. 'क्लेम' लिहिलं की लिहिणारा हात झटकतो, खरं की खोटं तुमचं तुम्ही बघा. 'पॉइंट आउट' लिहिलं की त्याला स्वतःलाच ते खरं वाटतंय. 'अ‍ॅडमिट' लिहिलं की जणू काहीतरी लपवलं होतं ते आता कबूल केलं. 'आर्ग्यू' त्यातल्या त्यात सभ्य, कारणं दिली म्हणून मान ठेवलाय पण निकाल दिला नाही. 'मेंटेन' म्हणजे कितीही विरोध झाला तरी म्हणणं सोडलं नाही. 'कन्सीड' म्हणजे मनात नसताना एक मुद्दा सोडला. त्यानंतर मी इंग्रजी बातमी वाचते तेव्हा आधी क्रियापदांवरच नजर जाते, त्याला इलाज नाही.

तिथेच 'डिनाय', 'रिफ्यूज', 'रिफ्यूट' हे तिघे पण झाले. 'गेस्ट डिनाइड टू पे' असं आपल्याकडे सर्रास लिहितात, पाहिजे 'रिफ्यूज्ड टू पे'. डिनाय म्हणजे तसं झालंच नाही म्हणणं, 'ही डिनाइड ब्रेकिंग द चेअर'. आणि रिफ्यूट म्हणजे नुसतं नाही म्हणणं नाही, पुराव्याने खोटं पाडणं. पेपरवाले हल्ली डिनायच्या जागी रिफ्यूट टाकतात, सरांचा त्यावर फार राग. सीसीटीव्ही दाखवला तर रिफ्यूट झालं, नुसती मान हलवली तर डिनाय.

सराव कसा घेतात तर दशावतारासारखा. आता दशावतारात संवाद लिहून दिलेले नसतात, कथा ठरलेली आणि बोलणं जागेवर सुचेल ते, आणि राक्षस नि देव एकमेकांना शब्दात पकडतात ते बघायला तर लोक रात्रभर बसतात. सर तसंच करतात, प्रसंग देतात आणि दोघांना उभं करतात. एक पाहुणा, एक मालक. तिसऱ्याने मग ते भांडण रिपोर्ट करायचं, आणि खरी परीक्षा त्या तिसऱ्याची. "ही डिमांडेड दॅट शी रिटर्न हाफ द मनी, शी रिफ्यूज्ड, ही थ्रेटन्ड टू राइट अ बॅड रिव्ह्यू, शी ऑफर्ड हिम सोलकढी" असं नर्सिंगवाल्या मुलीने न अडखळता केलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकदा गाऱ्हाणं, म्हणजे आमच्याकडे देवाला घालतात ते साकडं, पण इंग्रजीत करायला दिलं. देवाला 'प्लीड विथ' करायचं, 'बेग', 'इम्प्लोर', आणि प्रत्येक वाक्यानंतर मागच्या बाकावरून "व्हय म्हाराजा". इतकी हसलो की खालच्या मजल्यावरून घरमालकीण वर आली, "काय चल्लाहा गो तुमचा?"

आता तक्रारी. नोट्स झेरॉक्सच्या झेरॉक्स, बारीक अक्षर, खालची ओळ कापलेली, एवढ्या फीमध्ये नीट छापून द्यायला काय जातं. ऐकण्याचा सराव शून्य, म्हणजे परदेशी माणूस भराभर बोलतो तेव्हा 'पर्स्वेडेड' पकडायचं कसं ते कुणी शिकवत नाही, आणि उच्चार सर फळ्यावरच सांगतात. ('पर्सुएड' नाही, 'पर्स्वेड', एवढं मात्र त्यांनी सगळ्यांकडून घोटून घेतलं.) ईमेल आणि मेसेजवर भांडण कसं करायचं ते फारच वरवर झालं, खरंतर आमचं निम्मं भांडण आता तिथेच होतं. आणि वीज. पावसात मालवणची वीज म्हणजे सांगायला नको, इन्व्हर्टर नाही, अंधारात सर बोलत राहतात आणि आपण काय लिहायचं. माडीचा जिना अरुंद नि ओला असतो, वयस्कर माणसांनी जपून.

फी ₹1,800, माझ्या मते वाजवी आहे. परीक्षेसाठी, आयईएलटीएस वगैरेसाठी बघत असाल तर ही जागा नाही, तिथे निबंध लागतो आणि सर निबंध घेत नाहीत. दहावी-बारावीच्या पोरांना पण पाठवू नका, त्यांना कंटाळा येईल, कारण उदाहरणं सगळी बिलाची नि गिऱ्हाईकाची. पण ज्याचा रोज गिऱ्हाइकाशी इंग्रजीत संबंध येतो आणि ज्याला येतं तेवढं इंग्रजी धारेला लावायचंय त्याने जावं. पाचपैकी चार देते, एक त्या झेरॉक्ससाठी आणि सबजंक्टिव्हच्या त्या तासासाठी कापला. फोनवर सर सापडत नाहीत, संध्याकाळी पाचनंतर थेट माडीवर जायचं, दारातला कुत्रा भुंकतो पण बांधलेला असतो, आणि बॅच भरली असेल तर भरली म्हणतात, कितीही पर्स्वेड करायचा प्रयत्न केला तरी घेत नाहीत.